अडीच डोक्यांची चाचणी

एका जंगलात केस कापायची शाळा होती. हसलात? हसा बापडे. तुमच्या डोक्यात जटा झाल्या की कळेल.

शाळा नदीकाठच्या उंबराखाली भरायची. खेकडेमास्तर शिकवायचे. त्यांना कातरी आणावी लागली नव्हती, जन्मतःच दोन मिळाल्या होत्या. मास्तर चालायचे आडवे, त्यामुळे जंगलात सगळ्यांचेच केस एका बाजूला उतरते असायचे. पण सगळ्यांचेच उतरते, मग बोट कोण कुणाकडे दाखवणार?

येईल त्याला शाळेत घ्यायचे. आधी गवत कापायचं, मग स्वतःची शेपटी, मग शेजाऱ्याची. शेजारी ओरडला नाही की पास.

एकदा काय झालं, महाराज शाळा बघायला आले. महाराज म्हणजे सिंह, एवढं तरी तुम्हाला ठाऊक असेल. सोबत पाहुणा होता, शेजारच्या जंगलातला वाघ. त्याच्यासमोर ऐट दाखवायची म्हणून महाराजांनी एका रानडुकराला विचारलं, "काय रे, सात आणि पाच किती?"

रानडुकराने कातरी उचलली आणि अदबीने विचारलं, "पुढून कापू की मागून?"

वाघ मिशीत हसला. झालं! महाराजांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याच संध्याकाळी हुकूम निघाला, खाली महाराजांचा पंजा. यापुढे कुणाला काही शिकायचं असेल किंवा कुठल्याही जागेवर बसायचं असेल, तर आधी पायाभूत कौशल्य चाचणी. नापास झाला, तर कातरीला हात लावायचा नाही.

चाचणी घ्यायला तरसरावांना नेमलं. का? तर ते सदा हसतमुख. अरे, तरसाचं तोंडच तसं असतं, त्यात त्याचं काय कर्तृत्व? पण मोठ्यांच्या नेमणुका अशाच होतात, तुम्ही मध्ये बोलू नका.

आता झिपरीबाईचं ऐका. ही अस्वलीण. तिचा नवरा बाळोबा, त्याचे केस डोळ्यांवरून पार नाकापर्यंत आलेले. बिचाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नसे. दिवसभर झाडांवर आपटायचा आणि झाडांची माफी मागायचा. मागच्या सणाला तर कहर झाला. वारूळ समजून त्याने सासऱ्यांच्याच डोक्यात नाक खुपसलं आणि जोरात श्वास ओढला. सासरे उठून गेले ते परत आले नाहीत. झिपरीबाई रडरड रडली. म्हणाली, "बास! मी केस कापायला शिकणार. याला एकदा जग दिसू दे."

ती शाळेत आली, तर वाटेतच तरसराव.

"आधी चाचणी," तरसराव हसत म्हणाले.

चाचणीत पहिलाच प्रश्न होता: एक न्हावी एका तासात चार डोकी करतो, तर अडीच डोकी करायला त्याला किती वेळ लागेल?

झिपरीबाईने खूप विचार केला. मग लिहिलं: "अर्धं डोकं कुणाचं? तो मध्येच उठून का गेला? त्याला आधी परत बोलवा, बिचारा घरी तोंड कसं दाखवेल?"

नापास. तरसराव पोट धरून हसले.

"अहो राव, मला येत नाही म्हणून तर शिकायला आले ना?" झिपरीबाई कळवळून म्हणाली.

"तेच तर! येत नाही त्यांना शिकवलं की शाळेचं नाव खराब होतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मग आडच खणायला आलेय की मी!"

"खणण्याची चाचणी वेगळी," तरसराव म्हणाले आणि पुन्हा हसले.

खेकडेमास्तरांनाही चाचणीला बसवलं. मास्तर लिहायलाही आडवेच. पहिला शब्द स्वतःच्या पानावर, दुसरा शेजारच्या सशाच्या, तिसरा त्याच्या पलीकडच्या घुशीच्या. कॉपी म्हणून पकडले. बरं, मास्तरांना येत काहीच नव्हतं, त्यामुळे ससाही नापास, घूसही नापास. मास्तरांची नोकरी गेली. ते नदीकाठच्या दगडाखाली जाऊन बसले आणि कुणाशी बोलेनात.

पास झाला एकटा राघोपंत पोपट. त्याने सगळं पाठ केलं होतं. इतकं पाठ, की उत्तरपत्रिकेची सुरुवातच "सूचना: सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक आहे" अशी केली. त्याला वर्गात बसवलं. वर्गात तोच पहिला आला, कारण वर्गात दुसरं कुणी नव्हतंच. कातरी तेवढी त्याला धरता येत नसे. एका पायात धरली तर तोल जायचा, दोन्ही पायांत धरली तर तो स्वतःच फांदीवरून पडायचा. पण कातरी धरणं चाचणीत नव्हतं हो!

मग आला महाराजांच्या राज्याभिषेकाचा वर्धापनदिन. आयाळीत गोखरू अडकलेले, बोरीचे काटे अडकलेले, एक चिमणीसुद्धा संसार थाटून राहिलेली. राघोपंतांना बोलावलं. ते महाराजांच्या डोक्यावर बसले आणि म्हणाले, "केसांचे प्रकार तीन!" आणि तोल जाता जाता कातरी चालवली.

डावी बाजू जरा जास्त झाली. म्हणून उजवी घेतली. ती आणखी जास्त झाली. म्हणून पुन्हा डावी. राघोपंत तिसऱ्या प्रकारापर्यंत पोचले, तेव्हा महाराजांचा तुळतुळीत गोटा झाला होता. चिमणी सामान घेऊन निघून गेली.

महाराज दरबाराच्या दारात आले. दारात गवा उभा.

"कोण रे तू?"

"अरे मी राजा!"

"राजाला आयाळ असते. तू नवा उमेदवार दिसतोस. आधी चाचणी."

"डरकाळी फोडून दाखवू?"

"तोंडी परीक्षा लेखीनंतर," गवा म्हणाला. हुकमावरचा पंजा त्याने महाराजांनाच दाखवला.

बसले बापडे चाचणीला. शेजारी झिपरीबाई, ती पुन्हा आली होती. महाराजांनी पहिला प्रश्न वाचला, घाम पुसला आणि हळूच विचारलं, "बाई, अर्धं डोकं कुणाचं गं?"

"बघ! मी तेच विचारतेय कधीची!"

पुढचा प्रश्न होता: आपल्या राजाचे पूर्ण नाव लिहा. महाराज हुरळले. पण त्यांना जन्मभर सगळे महाराजच म्हणत आलेले. त्यांनी लिहिलं, "महाराज महाराज महाराज." तरसराव हसता हसता खुर्चीवरून पडले.

महाराज नदीकाठी जाऊन हुंदके देऊ लागले. झिपरीबाईला दया आली. "रडू नकोस रे. मला बघ, मी तर नापास होऊन होऊन निब्बर झालेय."

तेवढ्यात दगडाखालून आवाज आला. "शिकायचंय का तुला खरंच?" खेकडेमास्तर कधीचे ऐकत होते.

आयाळ पुन्हा उगवू लागली, पण बेटी झुबक्याझुबक्याने. तिच्यावरच झिपरीबाई शिकली. सुरुवातीला महाराजांचा कान कापला गेला, मग दुसरा. महाराज विव्हळत म्हणायचे, "बाई, एकदा गादीवर बसू दे, ही चाचणी बंद करतो आणि तुला दरबारात नेमतो."

"आधी मान सरळ ठेव," झिपरीबाई म्हणायची. पण मनातून ती फार सुखावायची. शाळेत जायला मिळणार, मास्तर परत येणार, म्हणून तिने उंबराखालची जागा झाडूनसुद्धा ठेवली.

आयाळ पुरी झाली, जरा एका बाजूला उतरती. महाराज दरबारात गेले. गव्याने मुकाट वाट दिली. तरसराव पायांवर लोळले.

झिपरीबाई मागोमाग आली. "महाराज, आता चाचणी बंद ना?"

महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं. मग कुजबुजले, "बंद केली तर लोक विचारतील, का केली. काय सांगू? मी नापास झालो म्हणून?"

झिपरीबाई आल्या पावली परत फिरली. तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी नवा हुकूम निघाला. चाचणी चालूच राहील. फक्त ज्यांना आयाळ आहे, त्यांना सूट.

अजून तसंच चाललंय बघा. महाराजांची आयाळ झिपरीबाई कापते, मागच्या दाराने येऊन. राजन्हावी राघोपंत समोर दांडीवर बसून केसांचे प्रकार सांगतात. दर चाचणीला ती बसते, दर वेळी तरसराव तिला हसतात, आणि संध्याकाळी गुपचूप तिच्याचकडे हजामतीला येतात.

आणि बाळोबा? झिपरीबाईने त्याचे केस कापले, तेव्हा त्याने डोळे उघडून पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "अगं, तू होय!" तो म्हणाला. "मी इतकी वर्षं तुला झाड समजून माफी मागत होतो."

झिपरीबाई हसली. चाचणी लागल्यापासून त्या जंगलात तरसराव सोडून दुसरं कुणी हसलं, ते तेव्हाच.

तात्पर्य: पोरांनो, काहीही शिकायला जाण्याआधी ते सगळं येत असावं. येत नसेल, तर निदान आयाळ तरी असावी.