परबभावजींचा डावा इंडिकेटर

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत एक गृहस्थ आपल्या गाडीच्या दिव्यांच्या स्क्रूंवर लाल नेलपॉलिशच्या खुणा करून ठेवतात. कुणी स्क्रू फिरवला की खूण तुटणार आणि चोर सापडणार. अजून एकही सापडलेला नाही. मुलांनो, हे आपले तळमजल्यावरचे परबभावजी.

दूध नासो, लिफ्ट अडको, भावजींचं एकच म्हणणं: "आपोआप काय होत नाय, वहिनी. कुणीतरी केलंय."

गेल्या महिन्यात त्यांच्या पंचवीस वर्षांच्या गाडीचा डावा इंडिकेटर बिघडला. उजवा सावकाश टक, टक करायचा. डावा धाप लागल्यासारखा. दुसऱ्याच दिवशी आरटीओची तपासणी होती. नापास झाली तर गाडी थेट भंगारात. आमचे सेक्रेटरी मेहता यांना मुलाच्या नव्या गाडीसाठी नेमकी भावजींचीच पार्किंगची जागा हवी होती. म्हणजे गुन्हेगार ठरलाच! मला साक्षीदार म्हणून बोलावणं आलं. मी टॉर्च आणि वही घेऊन खाली उतरले.

"मेहता, काल संध्याकाळी कुठं होता?"

"अरे परब, मी कशाला हात लावू? जरा जोरात शिंकलो तरी तुझा बंपर पडेल!"

"लिहा वहिनी. बंपर कुठून सुटतो ते त्याला माहितीय."

मी ते लिहिलं नाही. इंडिकेटर घाई करू लागला की त्या बाजूचा एक दिवा लागत नसतो, एवढं मला ठाऊक होतं. पाहिलं, तर मागचा लागत होता, पुढचा नाही. पुढचा बल्ब काढून उजवीकडे लावला. तिथे झकास पेटला.

"बल्ब चांगला ठेवला आणि वायर कापली. डोकेबाज आहे!" भावजी मेहतांकडे बघत म्हणाले.

वायरही शाबूत होती. मग मी होल्डरमध्ये टॉर्च मारला. आत हिरवट बुरशीसारखा गंज चढला होता.

"भावजी, इथे पाणी जातंय."

"पाऊस संपून चार महिने झाले. म्हणजे कुणीतरी ओतलं!" त्यांनी आत बोट फिरवलं, आणि हिरवं झालेलं बोट पुसायचंच विसरले.

"काय झालं?"

"संकष्टीला नारळ फोडला की मालती ह्या कोपऱ्यावर पाणी शिंपडायची. तिची बसायची बाजू ना ही."

"पण मालतीला जाऊन दोन वर्षं झाली."

"हां. आता मी ओततो. जरा जास्तच पडतं."

देवळातल्या पुजाऱ्यावरही संशय घेणारा हा माणूस, पण बायकोची ही रीत मात्र चुकवत नव्हता! मेहता वर गेले आणि पॉलिश पेपर घेऊन आले. दोघांनी गुडघे टेकून होल्डर घासला, अर्थिंगची वायर आवळली. डावा इंडिकेटर शहाण्यासारखा टक, टक करू लागला.

"चाकावर ओत रे यापुढे," मेहता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाडी पास झाली. संध्याकाळी भावजी दारात हजर. "चला वहिनी, एक फेरी मारू."

मी खाली जाऊन पुढचं डावं दार उघडलं.

"मागे बसा, वहिनी. पुढे सामान आहे."

सीटवर काहीच नव्हतं. मी दार हळूच लावलं आणि मागे जाऊन बसले.