पस्तीसचा फ्यूज

सायकलच्या डायनमोची वीतभर तार. टोकांना हिरवा गंज.

पातेलंभर श्रीखंड, आंबलेलं.

काचेची नळी, बोटाच्या पेराएवढी. आत कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर ३५.

धंतोलीतली पाटी : शांतता राखा.

"गाडी चालू करून आण म्हणा त्याला. मग बोलू."

आता हे सगळं एका धाग्यात ओवायचं तर सुरुवात गिरिधरपासून करावी लागते. गिरिधरला वीज खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि त्याचे मोठे भाऊ केशवराव त्याच्याशी बोलायचे बंद होऊन बावीस. कारण फ्यूजचंच. खात्यात असताना तपासणीच्या मोहिमेत गिरिधरने भावाच्या रामदासपेठेतल्या घरचं कटआउट, म्हणजे मीटरजवळची फ्यूजपेटी, उघडलं, तर आत फ्यूजच्या जागी जाड तार. दुसरा कुणी असता तर समज देऊन सोडलाही असता. पण सख्खा भाऊ म्हटल्यावर तत्त्वाला धार आली. त्याने जागेवर रिपोर्ट लिहिला आणि खांबावरून वीज तोडली. त्या दिवशी केशवरावांच्या मुलीचा, मुग्धाचा, साखरपुडा होता. मे महिना. पंगत घामाने निथळली, नवरदेवाच्या काकांना भोवळ आली आणि श्रीखंड फ्रीजमध्येच आंबलं. खात्याने त्या वर्षी गिरिधरला गुणवंत कर्मचारी म्हणून ढाल दिली. ती अजून त्याच्या दिवाणखान्यात, येणाऱ्याच्या नजरेसमोर येईल अशी ठेवलेली आहे.

पुढे वाटणी झाली. शहराबाहेरचा, बेसाचा प्लॉट गिरिधरकडे आला आणि प्लॉटवर ताडपत्रीखाली उभी असलेली केशवरावांची गाडीही आली. विलायती, दोन सीटांची, उघड्या टपाची. तरुणपणी त्यांनी ती मँगनीजच्या खाणीवरच्या एका साहेबाकडून घेतली होती. 'माझी गाडी दे' असं केशवराव कधी म्हणाले नाहीत, कारण त्यासाठी बोलावं लागलं असतं.

यंदा त्यांची पंचाहत्तरी आली. गिरिधरच्या बायकोने, अरुंधतीने, मुग्धाला फोन करून चाचपून पाहिलं, तेव्हा केशवरावांचा तो निरोप आला : चालू करून आण, मग बोलू. गिरिधरने चार महिने गाडी सोलून काढली. इंजिन झालं, ब्रेक झाले, सीटांना नवं कातडं चढलं. कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी फक्त एक फ्यूज उरला.

"हॉर्न दाबला का उडून राहिला, साहेब," आनंदराव म्हणाले. चाळीस वर्षं गाड्यांची वायरिंग करणारा हा माणूस बोनेटखालून अर्धाच बाहेर आला होता. "हा तिसरा. तार कुठंतरी पत्र्याखाली दबून राहिली. मले उद्याचा दिवस द्या, शोधून काढतो."

"उद्या सकाळी दहाला पूजा आहे. आणि तुम्ही फ्यूज लावून राहिले कोणता?"

"सतराचा."

गिरिधरने खिशातून ती काचेची नळी काढली. जुन्या डब्यातला, गाडीबरोबर विलायतेहून आलेला मूळ फ्यूज. "वाचा. काय लिहिलंय? पस्तीस! तुम्ही अर्ध्या दमाचा फ्यूज लावता आणि म्हणता उडतो. काहून नाही उडणार?"

"तो आकडा जळायचा हाय जी. त्या काळचे गोरे लोक, फ्यूज कितीवर जळते, तो आकडा टाकत. आता कितीवर आरामात चालते तो टाकतात. त्यायचा पस्तीस म्हणजे आपला सतरा."

"कोणत्या पुस्तकात आहे हे?"

"पुस्तकात नाही पाहिलं. माह्या हातून एक गाडी जळली, तवा समजलं."

"आनंदराव, मी छत्तीस वर्षं या शहराला वीज पुरवली आहे."

"म्हणून त तुमाले विचारलं नाही, सांगितलं."

अरुंधती चहा घेऊन उभी होती. "अहो, ऐका ना त्यांचं. तुम्हाला घरातला मिक्सर नीट करता येत नाही."

"मिक्सर हा वेगळा विषय आहे!"

तो स्वतः दुकानात गेला, पस्तीसचा नवाकोरा फ्यूज आणला, स्वतःच्या हाताने बसवला आणि हॉर्न दाबला. आवाज असा दणदणीत आला की शेजारच्या कुत्र्याने सोसायटी बदलली. फ्यूज शाबूत. पुन्हा दाबला. शाबूत. गिरिधरने आनंदरावांकडे असं पाहिलं, जसं तो पूर्वी ढाल घेताना फोटोग्राफरकडे पाहत होता.

आनंदरावांनी हात पुसले, पाने-पकडी पिशवीत भरल्या. "आता फ्यूज नाही जळणार जी," ते म्हणाले. "आता बाकीचं जळंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला अरुंधती मांडीवर शालीचा डबा घेऊन शेजारी बसली आणि गाडी निघाली. बेसापासून अजनीपर्यंत लोक वळून पाहत होते. गिरिधर मनात पहिलं वाक्य जुळवत होता. 'दादा, कसा आहेस?' फार साधं. 'दादा, ही घे तुझी अमानत.' फार नाटकी. धंतोलीत शिरताना एक ई-रिक्षा आडवी आली. त्याने हॉर्न दाबला. मग हात काढला.

हॉर्न थांबला नाही.

पत्र्याखाली दबलेल्या तारेचं वेष्टण वितळलं होतं आणि फ्यूज इमानेइतबारे शाबूत होता. डॅशबोर्डाखालून काळा धूर आला. चारही बाजूंना दवाखाने. गाडीने नेमकी शांततेच्या पाटीखाली मान टाकली आणि किंचाळत राहिली.

"काका, बंद करा ना तो भोंगा! आत आयसीयू हाय!" पहिल्या दवाखान्याचा वॉचमन धावला.

"मी नाही वाजवत! तो वाजून राहिला!"

गिरिधर डॅशबोर्डाखाली डोकं घालून वर आला तो तोंडाला काजळी फासूनच. कुणीतरी व्हीलचेअर आणली आणि त्याला खाली दाबून बसवलं.

"भाजलेला पेशंट आम्ही घेत नाही. समोर न्या," पहिला वॉचमन म्हणाला.

"समोरचे आधी आमाले विचारतात का?" समोरचा वॉचमन ओरडला. "तुमच्या फाटकासमोर जळला, तुमचा पेशंट!"

"मी पेशंट नाही! मी इंजिनिअर आहे!"

"कुठं काम करता?"

"वीज खात्यात होतो."

"मंग बंद काहून नाही करता येत?" पेशंटांच्या जमलेल्या नातेवाइकांपैकी एकाने विचारलं.

धंतोलीला लागूनच रामदासपेठ. तो हॉर्न जिथून ओळखू यावा तिथून ओळखला गेला होता. गर्दीपाशी ऑटो थांबला आणि केशवराव उतरले. रेशमी कुर्ता, कपाळावर ओलं कुंकू, ओवाळणीच्या अक्षता अजून केसांत. त्यांनी व्हीलचेअरकडे पाहिलं नाही. सरळ बोनेट उघडलं, फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं आणि रुमालाने धरून फ्यूज उपटला.

शांतता. कुठेतरी आत एक मशीन टिकटिकत असल्याचं ऐकू आलं.

केशवरावांनी नळी उन्हात धरून आकडा वाचला. मग बावीस वर्षांनी ते भावाशी बोलले.

"कागद-पेन आहे?"

अरुंधतीने पर्समधून पेन काढून दिलं. कागद म्हणून पंचाहत्तरीची पत्रिका होती.

"लिही. सदर ग्राहकाने फ्यूजच्या जागी क्षमतेपेक्षा जास्त भार सोसणारी वस्तू जाणूनबुजून बसवून स्वतःच्या व शेजाऱ्यांच्या जिवास धोका निर्माण केला आहे."

व्हीलचेअरवर बसून गिरिधर लिहू लागला. वाक्य ओळखीचं होतं. बावीस वर्षांपूर्वीच्या रिपोर्टातलं, त्याचंच होतं.

"सदर ग्राहक सुशिक्षित असल्याने दयेस पात्र नाही. लिहिलं? पुढे. तार जुनी असून सायकलच्या डायनमोची असल्याचे दिसते."

"दादा, इथे तार कुठे आहे?"

"लिही."

पेन 'डायनमो'च्या 'डा'वर थांबलं. गर्दीला वाटलं, पेशंटला आता खरंच काहीतरी होतंय. केशवराव घाई न करता उभे होते.

"सही कर."

त्याने सही केली. केशवरावांनी पत्रिका घडी घालून खिशात ठेवली आणि ऑटोत बसले. अरुंधती शालीचा डबा सावरत त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"अरुंधती! अगं, मी?"

"भाऊजी बोलले ना तुमच्याशी? तेवढंच हवं होतं ना?" ती म्हणाली. "मुग्धाने पुरणपोळ्या केल्या आहेत. आंबत नाहीत त्या."

ऑटो गेला. वॉचमनने व्हीलचेअर परत मागितली.

१९८१ साली गिरिधर भावाच्या रामदासपेठेतल्या त्याच घरी राहून शिकत होता. मे महिन्यात, पेपरच्या आदल्या दिवशी फ्यूज उडाला, तेव्हा आपल्या सायकलच्या डायनमोची तार तोडून ती त्यानेच त्या कटआउटमध्ये घातली होती.