पालीच्या शिबिराची चौकशी

“आपल्या घराची श्रद्धा जगाच्या अंतापर्यंत ढळायची नाही!” युवराजनं जाहीर केलं आणि आईची काठी वाजताच हातातलं पत्रक गादीखाली सारलं.

पत्रक उन्हाळी बायबल शिबिराचं होतं. पालीच्या तलावाकाठी, नव्या ख्रिस्ती मंडळीचं. तिथं ढोलकी, गिटार आणि पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. युवराजचं घर जुन्या मिशन चर्चचं. तिथं बाप्तिस्मा म्हणजे बाळाच्या कपाळावर तीन थेंब, विषय संपला.

“पुन्ना बाप्तिस्मा घेतला की पयला खोटा ठरतो,” आई साखराबाई बजावत. “या घरातलं कुनी बुडून आलं, तर त्यानं भाईरच ऱ्हायचं.”

युवराजला आईची भीती वाटे आणि पाण्याची. जास्त कुठली, हे ठरवायची वेळ अजून आली नव्हती.

“पप्पा, माझ्या समद्या मैत्रिणी पालीलाच चालल्यात,” लेक संस्कृती म्हणाली.

“आधी चौकशी करू. पोरींला बुडवत असले तर आपलं मिशनचंच शिबिर बरं.”

दोघं मोटरसायकलवर पालीला पोचले, तर काठावर पांढऱ्या झग्यातली माणसं रांगेत उभी. युवराजनं त्या मंडळीचे पाळक राधाकिशन यांना बाजूला घेतलं आणि कुजबुजला,

“पानी कितीक खोल हाय?”

“कमरेइतकं.”

“आत किती येळ ठिवता?”

“लगेच वर काढतो.”

“आन् घरी कळवता का?”

पाळकांचे डोळे भरून आले. बाप्तिस्म्याला आलेला प्रत्येक घाबरट माणूस नेमकं हेच विचारी. “भिऊ नका, ब्रदर!” त्यांनी युवराजच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली.

प्रार्थनेत डोळे उघडायचे नाहीत, मध्ये बोलायचं नाही, हे साखराबाईंनी त्याला लहानपणी चिमटे काढून शिकवलेलं. युवराजनं डोळे मिटले. कुणीतरी झगा चढवला. पायाला चिखल लागला, गुडघ्याला गार लागलं. आमेन झालं की सांगू, त्यानं ठरवलं. पाणी कमरेला आलं. प्रार्थना मात्र अजून परदेशातल्या आजाऱ्यांपाशीच होती.

अखेर “आमेन!” झालं. “मी नुस्तं इचाराया...” एवढं म्हणेपर्यंत तलावाचं पाणी तोंडात गेलं.

वर आला तेव्हा ढोलकी घुमत होती. संस्कृती चार पावलं मागं सरकली होती. “पप्पा, मला मिशनचंच शिबिर बरं हाय.”

“ब्रदर, साक्ष द्या! मंडळीला दोन शब्द!” पाळकांनी माईक पुढं केला.

युवराजनं तो धरला.

“कुनाकडं कोरडा टावेल हाय का? घरी गेल्या-गेल्या आई आशीर्वादाला डोक्यावर हात ठिवती.”