टकविरहित चाळीस मिनिटं

घरात शांतता नावाची वस्तू नसतेच, हे सत्य माणसाला मायक्रोफोन विकत घेतल्यावरच उमगतं. वजनमापांच्या निवृत्त निरीक्षकांना ते एकसष्टाव्या वर्षी उमगलं. (नोकरीत त्यांना मिलिग्रॅमसाहेब म्हणत आणि त्यांना तो गौरव वाटे.)

निमित्त थोरल्या ताईच्या गळ्याचं. सोमवारी ऑपरेशन होतं आणि आवाजाची हमी द्यायला सर्जन तयार नव्हते. आईने शिकवलेलं एक गाणं ताईलाच काय ते येत होतं. ते आधी घरीच ध्वनिमुद्रित करून ठेवायचं ठरलं.

मंगळवारी ताई डोळे मिटून गायली. साहेबांची बायको ओले हात तसेच धरून दारात उभी राहिली. गाणं संपलं. साहेबांनी ते पुन्हा ऐकलं आणि हेडफोन काढला.

"टक आलाय. मध्येच 'टक' असा आवाज."

"कुठे?"

"तिसऱ्या मिनिटाला. एक."

"अरे, एवढ्याशा टकने काय होतंय?"

"ताई, एवढ्याशानेच तराजू खोटा ठरतो," असं म्हणून त्यांनी गाणं पुसून टाकलं. (सदोष माल जागच्या जागी नष्ट करावा, हा नियम त्यांनी तीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.)

बुधवारी रीतसर तपास सुरू झाला. संशयित: पंखा, फ्रिज, भिंतीवरचं घड्याळ, बायकोच्या बांगड्या आणि वरच्या मजल्यावरचा शिंपी. सगळे बंद करण्यात आले. फ्रिजमधलं दूध नासलं. बांगड्यांबरोबर बायकोचं बोलणंही बंद झालं. तपासकामाला त्याची मदतच झाली. शिंपी मात्र, "मग शिवू का तोंडाने?" असं विचारून गेला.

चाचणीसाठी ताईकडून 'एक, दोन, तीन' दोनशे सोळा वेळा वदवून घेतलं. आढळलेले टक चौदा, पैकी पाच कवळीचे. कवळी काढायला लावली. टक नवावर आले, पण 'तीन' कुठला ते कळेना.

गुरुवारी वायरी बदलल्या, गादी भिंतीला टेकवून उभी केली. साहेब सतरंजीवर झोपले.

शुक्रवारी दुपारी टक थांबला. खात्रीसाठी साहेबांनी रिकाम्या खोलीचं चाळीस मिनिटं ध्वनिमुद्रण केलं. निव्वळ शांतता, एक डाग नाही. ऐकताना त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी लगेच ताईला बोलावलं.

ताई आली आणि तिने एक चिठ्ठी पुढे केली. 'एक-दोन-तीनने घसा बसला. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत तोंड उघडायचं नाही.'

बायको दोन दिवसांनी प्रथमच बोलली. "मंगळवारचं आहे ना पण?"

साहेब वायर गुंडाळत राहिले. गुंडाळून झाल्यावर त्यांनी ती सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

ऑपरेशन उत्तम झालं. आवाजही परत आला, बोलण्यापुरता. गाणं ताईला अजून पाठ आहे. वरचे सूर आले की ती नुसता हात वर नेते. महिन्याभराने तिने हट्टाने हेडफोन लावून ती चाळीस मिनिटं ऐकली. पूर्ण.

"छान आलंय रे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि भावाच्या पाठीवरून हात फिरवला. साहेबांना मान वर करता येईना.

ही हकिगत आजवर एकतीस जणांना सांगून झाली. त्या गाण्याचे शब्द काय होते, हे एकानेही विचारलं नाही. एकतीसच्या एकतीस जणांनी तेच विचारलं, जे शुक्रवार दुपारपासून तुमच्याही मनात घोळतंय: मग तो टक होता कशाचा?