पूर्णवेळाची रंगीत तालीम

निवृत्तीनंतर महाविद्यालयात जावे की नाही, हा प्रश्न मी एका क्षणात सोडविला. पूर्णवेळ जावे की अर्धवेळ, या प्रश्नाने मात्र माझे घर पाण्याखाली गेले.

मी पुस्तकबांधणी करीत असे. बांधणीस आलेला ग्रंथ आधी वाचल्याखेरीज मी त्यास सुई लावली नाही. (गिऱ्हाइके याला विलंब म्हणत.) अशा माणसाने अर्धवेळ विद्यार्थी व्हावे, ही कल्पनाच मला अपमानास्पद वाटली.

"पूर्णवेळ म्हणजे दिवसभर बाकावर बसायचं," आमची ही म्हणाली. "तुम्हाला घडीघडी चहा लागतो. जमणार आहे का?"

"ज्ञानार्थीस चहाची वासना नसते."

"मग उद्या घरातच बसून दाखवा. जमलं तर पूर्णवेळ, नाही तर मुकाट्याने अर्धवेळ."

पैज ठरली. सकाळी मी पुस्तके घेऊन मागच्या खोलीत गेलो आणि तिला बाहेरून कडी घालावयास सांगितले. "संध्याकाळपर्यंत मी काहीही म्हणालो, गयावया केली, तरी उघडायचे नाही."

"बघा हं!"

"माझा शब्द म्हणजे शब्द."

पहिला तास मी मोठ्याने वाचून उत्तम रीतीने पार पाडला. दुसऱ्या तासाच्या मध्यावर मला स्मरण झाले, की न्हाणीघरात बादली भरावयास लावून मी थेट शिक्षणाकडे वळलो होतो.

बाहेरच्या खोलीत हिचे शिवणयंत्र घरघरत होते. तिला नळ ऐकू येणे शक्य नव्हते. अन्य कोणी असता, तर "अगं, नळ!" असे ओरडला असता. परंतु संकटसमयी भाषा ढासळू देणे मला मान्य नाही. मी दाराशी उभा राहून खणखणीत आवाजात म्हणालो, "जलाचा प्रवाह अविरत सुरू आहे! तो वेळीच रोखला नाही, तर गृहाची हानी अटळ आहे!"

यंत्र थांबले. शेजारच्या काकू आल्या असाव्यात, त्यांचा आवाज आला, "काय छान वाचतात हो तुमचे हे!"

"सकाळपासून चाललंय," ही म्हणाली. स्वरात चक्क अभिमान होता. (संसारात असा योग क्वचितच, मी क्षणभर नळ विसरलो.)

भानावर येऊन मी दार ठोठावले. "हे वाचन नव्हे! ही प्रत्यक्ष आपत्ती आहे! गृहिणी, सत्वर धाव घे!"

"आता नाटकाचा धडा आला वाटतं," काकू म्हणाल्या.

"कसला धडा! चहासाठी सोंगं सगळी," ही म्हणाली आणि यंत्र पुन्हा सुरू झाले.

अखेर पाणी स्वतःच बाहेरच्या खोलीत जाऊन तिला भेटले. "अगं बाई, नळ!" काकू किंचाळल्या. तेवढ्याने सर्वांना सर्व समजले. कडी निघाली, तेव्हा मी खुर्चीवर पाय वर घेऊन विराजमान होतो.

काकू गेल्या. आम्ही दोघे फरशी पुसत असताना ती हळूच म्हणाली, "अर्धवेळच घ्या."

"कडी तू उघडलीस. पैज मी जिंकलो आहे."

"जिंकलात. तरी अर्धवेळच घ्या."

मी हातातले फडके खाली ठेवले. "माझ्यावाचून दिवसभर करमणार नाही, असे सरळ म्हण ना."

तिने फडके पिळले. "मला करमेल हो. पण मला तुमची इतक्या वर्षांची सवय आहे. त्या बिचाऱ्या मास्तरांना एकदम पूर्णवेळ कसे झेपाल तुम्ही?"