पहिलीच्या दारासाठी बंदुकीची सोडत

ज्या समाजात मतभेद असतात तो जिवंत असतो, आणि जिथे मतभेदांनंतर जेवण असतं तो समाज टिकतो. आमच्या कॉटर्स फोर्डमध्ये दोन्हींची व्यवस्था आहे. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातलं नदीकाठचं सहाशे चाळीस वस्तीचं गाव. चर्च चार, दवाखाना नाही, आणि बंदुका अदमासे दोन हजार. (अदमासे अशासाठी, की बंदुका मोजणं हा आमच्याकडे स्वातंत्र्यावर घाला समजला जातो. गुरं मोजतात. गुरांनी अजून हरकत घेतलेली नाही.)

मी शाळेच्या पालक मंडळाचा चिटणीस. बावीस वर्षं इतिवृत्त लिहितोय, त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते सगळं रीतसर नोंदलेलं आणि बहुमताने मंजूर झालेलं आहे.

विषय निघाला पहिलीच्या वर्गाच्या दारावरून. इमारत जुनी. ती बांधली तेव्हा पोरं वर्गातून पळून जाऊ नयेत एवढीच काळजी होती, म्हणून दारांना किल्ली लागते ती बाहेरच्या बाजूने. हल्ली वर्षातून चार वेळा आम्ही, शाळेत कुणी गोळीबार करत शिरला तर काय करायचं, याची कवायत घेतो. भोंगा वाजला की लॉरेन प्रुएट बाईंनी गळ्यातली किल्ली काढून वर्गाबाहेर यायचं, कुलूप फिरवायचं, परत आत शिरून दार ओढून घ्यायचं. तोवर एकोणीस मुलांनी कोट टांगायच्या कपाटामागे चिडीचूप बसायचं. बाईंना या सगळ्याला अकरा सेकंद लागतात. म्हणून बाईंनी अर्ज केला की दाराला आतून फिरवता येईल असं कुलूप बसवून द्या.

अर्ज एका ओळीचा होता. असे अर्ज मंडळाला अडचणीचे जातात, कारण त्यात फाटे फोडायला जागाच नसते.

बाईंना घाई होती, आणि घाईला कारण होतं. ग्लेन स्टिगल हा आमच्या पशुखाद्याच्या गिरणीतला कामगार. वसंत ऋतूत त्याची बायको मुलाला घेऊन वेगळी राहायला गेली. मुलगा बाईंच्या वर्गात. न्यायाधीशांच्या कागदाप्रमाणे बुधवार आईचा, आणि ग्लेन मुलाला न्यायला शाळेत नेमका बुधवारी आला. बाईंनी मुलाला सोडलं नाही. तेव्हा तो अंगणात उभा राहिला आणि आवाज न चढवता म्हणाला, “दार किती दिवस लावून बसशील, बाई?”

बाई शेरीफकडे गेल्या. शेरीफ म्हणाले, “अहो बाई, हा प्रश्न झाला. धमकी कुठे झाली? प्रश्न विचारला म्हणून मी कुणाला आत टाकायला लागलो तर निम्मं गाव आत जाईल.” ग्लेनच्या घरात सात बंदुका आहेत, सातही कायदेशीर. कागदोपत्री गावात त्याच्याइतका स्वच्छ माणूस नाही. माझ्या नावावर निदान गाडी जोरात चालवल्याचा दंड तरी आहे.

सभा शाळेच्या जिमखान्यात भरली. ‘बंदुकांचे कायदे कडक करा’ या बाजूला चौदा माणसं, ‘हात तर लावून बघा’ या बाजूला एकशे सहा, आणि दोघं नुसतेच ॲपल पाय खायला आलेले. (सफरचंदाचा हा गोड पदार्थ दोन्ही बाजूंना सारखाच आवडतो. गावाची एकी म्हणतात ती हीच.) अध्यक्षस्थानी मर्ल ओबरमायर. त्यांचं गावात मासेमारीच्या सामानाचं आणि बंदुकांचं दुकान आहे, त्यामुळे विषयाकडे ते तटस्थपणे पाहू शकतात.

मर्ल म्हणाले, “बाई, दारं माणसांना वाचवत नाहीत. माणसं माणसांना वाचवतात.”

“कबूल,” बाई म्हणाल्या. “पण मर्ल, तुमच्या दुकानाच्या दाराला आतून तीन कड्या आहेत. मी मोजल्यात.”

“दुकानात माल आहे, बाई.”

हे उत्तर सभेला पटलं.

मग एका सदस्याने सुचवलं की बाईंनाच एक पिस्तूल द्यावं, खर्चही कमी येईल. बाई म्हणाल्या, “दिवसाला एकोणीस नाकं पुसते मी. पिस्तूल कुठल्या हातात धरू ते पण ठरावात लिहा.” ठरावात हात लिहिण्याची पद्धत नसल्यामुळे सूचना बारगळली. पुढे चार तास राज्यघटना, स्वित्झर्लंड, हरणांची शिकार आणि टीव्हीवरचे खेळ यांवर सखोल चर्चा झाली. कुलूप हा शब्द या काळात दोनदा आला, त्यातला एकदा मर्लच्या गाडीच्या संदर्भात.

शेवटी दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत झालं, की शाळेकडे निधी नाही. आणि निधी नसला की काय करायचं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आगीचा बंब कशावर आला? बक्षीस म्हणून बंदूक ठेवून काढलेल्या सोडतीवर. बँडपथकाचे गणवेश? सोडतीवर. मेथडिस्टांच्या चर्चचं छप्पर? तेही. केकची सोडत काढली तर केक करणारीच्या बहिणी तेवढ्या तिकिटं घेतात. रायफल ठेवली की तिकिटं पुन्हा छापावी लागतात. मर्लनी दुकानातली एक नवीकोरी रायफल जागच्या जागी देणगी दिली.

“म्हणजे शाळेत बंदूक येऊ नये म्हणून आपण गावात आणखी एक बंदूक वाटणार?” बाईंनी विचारलं.

“वाटणार कशाला? नशिबात असेल त्याला लागेल,” मर्ल म्हणाले.

ठराव मंजूर झाला. विरोधातल्या चौदांपैकी सहा जणांनी जाताजाता तिकिटं घेतली, कारण रायफल खरंच चांगली होती.

सर्वांत जास्त तिकिटं घेतली प्रुएट बाईंनी. चाळीस. मी म्हटलं, “बाई, लागलीच तर काय कराल?” “पुलावर जाईन आणि नदीत टाकीन,” त्या म्हणाल्या. मी ‘स्वतःच्या वापरासाठी’ अशी नोंद केली. गावच्या साप्ताहिकात त्यांचा फोटो आला, वर मथळा होता: शिक्षिकेचं शस्त्रप्रेम. बाईंनी तो अंक वर्गातल्या सशाच्या पिंजऱ्यात अंथरला.

ग्लेनला तिकीट मीच विकलं, गिरणीच्या फाटकाशी. “कशासाठी आहे रे?” त्याने विचारलं. “पहिलीच्या दाराला कुलूप बसवायचंय.” त्याने तिकीट उलटसुलट करून पाहिलं. “चांगलं काम आहे,” म्हणाला, आणि एक घेतलं. मी नाही कसं म्हणणार? भेदभाव मंडळाच्या नियमात बसत नाही.

सोडत शनिवारी भर दुपारी निघाली, शाळेच्या खाणावळीत. डुकराच्या मांसाचे भाजलेले तुकडे, घेवडा, मक्याची कणसं. बाई पहिल्या रांगेत, मांडीवर चाळीस तिकिटं क्रमाने लावलेली. पास्टरनी प्रार्थना म्हटली आणि तिकिटांच्या पिंपात हात घातला. मर्लनी आकडा वाचला, तीनशे बारा. बाईंनी तिकिटं एकदा चाळली, मग पुन्हा पहिल्यापासून चाळली. मागच्या रांगेत ग्लेनने हात वर केला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिंकणारा कोणीही असो, टाळ्या वाजवायच्या ही आमची रीत आहे, मीही वाजवल्या. रायफल कुणाच्याही हाती अशीच देत नाहीत, दुकानात नेऊन नाव-गाव तपासावं लागतं. ग्लेनची तपासणी कॉफीसकट नऊ मिनिटांत झाली.

आता तुम्हाला उत्सुकता असेल की पुढे ग्लेनने काय केलं. काही नाही. रायफल त्याच्या भिंतीवर टांगलेली आहे. तुमची जराशी निराशा झालेली दिसते. बंदूक कुणाला लागली, त्याने तिचं काय केलं, हे जाणून घ्यायला तुम्ही इथवर आलात. कुलपाचं काय झालं, असं काही तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आम्हीही नाही विचारलं. आकडा लागला आणि लोक आपापली भांडी उचलून घरी गेले.

कुलपांच्या बाबतीत आमचे कायदे फार कडक आहेत. आगीत मुलं अडकू नयेत म्हणून अर्ज तीन प्रतींत करायचा. बसवणाऱ्याकडे परवाना हवा. प्रत्येक किल्लीला नंबर हवा आणि त्याची सरकारदरबारी नोंद हवी. वापरणारीने प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यायची. मग नव्वद दिवस थांबायचं, कुणाची हरकत येते का ते बघायला. मर्ल म्हणतात, बरोबरच आहे, असली वस्तू कुणाच्याही हातात देऊन कसं चालेल? आज एकेचाळिसावा दिवस आहे.

तोवर बाई सराव करतायत. अकरा सेकंदांवरून सातवर आल्या, मंडळाने अभिनंदनाचा ठराव केला. मुलं कपाटामागे बोटांवर मोजतात. “आजोबा, सात होईपर्यंत श्वास पण नाही घ्यायचा,” असं क्लारा मला काल सांगत होती. क्लारा माझी नात, त्या एकोणिसांतलीच. हे मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. पण तेव्हा तुम्ही हसत होतात, आणि मी तिकिटं विकत होतो.