खळ्यावरचं दार

हरीकाका कार्ड दाखवायच्या आधी चपला काढायचे. देवळाच्या दारात काढतात तशा, भिंतीकडे नीट सरकवून. मग गळ्यातलं कार्ड भिंतीवरच्या डबीला टेकवायचे. हिरवा दिवा लागून दाराचं कुलूप सुटलं की मोठ्याने म्हणायचे, "हुकूम झाला!" आणि झाडू घेऊन अनवाणी आत.

वळ गावातल्या आमच्या गोदामात तेव्हा ही कार्डं नवीनच आली होती. कोणाच्या कार्डाने कुठलं दार उघडायचं, हे साहेबांचा कॉम्प्युटर ठरवायचा. मी माल रवाना करणारा कारकून. ऑफिसातला बरा संडाससुद्धा माझ्या कार्डाला उघडत नसे. हरीकाका झाडलोटीला. आम्ही त्यांची टर उडवायचो.

"काका, मशीनला नारळ फोडा एकदा!"

"फोरीन. तू आन."

मग साहेबांचं फर्मान निघालं: बुटाशिवाय आत कोणी यायचं नाही. काकांनाही बूट मिळाले. त्यांनी ते पिशवीत घातले आणि अनवाणीच आले. साहेब सगळ्यांदेखत ओरडले, "उद्या बूट नसले तर कार्ड बंद!"

मी वैतागलो. "काका, घाला की! मशीनचं कसलं एवढं सोवळं?"

"मशीन गेला खड्ड्यात!" काका पहिल्यांदाच चिडले. "ह्यो आमचा खला हाय. जमीन इकली म्हून काय खल्यात चपला घालून जाऊ?"

खळ्यात लक्ष्मी असते, तिथे पायताण चालत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण या सिमेंटखाली खळं आहे, हे कोणाला ठाऊक? मी म्हणालो, "लक्ष्मी आता राहिली कुठे, काका?"

"गेली रं. पन बसली व्हती ती जागा तुडवू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी चपला काढल्या, कार्ड टेकवलं. लाल दिवा. कार्ड शर्टाला पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. ज्याच्या शेतावर हे सगळं उभं, त्यालाच दार बंद. माझं डोकं फिरलं. पण साहेब काचेतून बघत होते, आणि माझंही कार्ड त्यांच्याच हातात होतं. मी दार उघडून नुसता बाहेर आलो.

"आज हुकूम न्हाय," काका म्हणाले आणि चपलांत पाय घातले. मग माझ्या खांद्यावरून आत बघत हळूच म्हणाले, "भाऊ, त्या खांबापाशी आमचे मळनीचा खुंटा व्हता. तेवरी जागा साफ ठेव."

त्या खांबापाशी कालच बुटांचं कपाट लावलं होतं. मी हो म्हणालो.